सुईला न जुमानणारी जखम

माझ्या पायांच्या जखमेत काहीतरी बिघडलंय, हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं. वासावरून कळलं. मी धंद्यानं गुळव्या. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, कढवून त्याचा गूळ करायचा, हे काम मी सोळाव्या वर्षापासून केलेलं. रस फिरला, नासला की त्याला एक गोडूस, जड वास सुटतो, तो मला दहा पावलांवरून कळायचा. हॉस्पिटलात नवव्या दिवशी सकाळी माझ्याच चादरीखालून तसा वास आला. मान उचलून पाहिलं, तर पट्टीवर मोरचुदाच्या पाण्यासारखा हिरवट-निळा डाग उमटला होता.

हे लिहायला मला फार वर्षं लागली. मागल्या साली आमच्या शेजारची सून भाजली. तिचा बाप हॉस्पिटलाच्या वाटेवर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "रंगनाथराव, तुमी हे कसं काढलं?" मी म्हणालो, "निघालं बाबा." तो गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. काही उपयोगाचं, काही नुसतंच दुःखाचं. ते सगळं इथं लिहितो.

०००

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. थंडीत नदीकडेच्या मळ्यांत गुऱ्हाळं लागायची आणि मी या मळ्यातून त्या मळ्यात काहिली उतरवत फिरायचो.

हौसा माझी बायको. तिचे आई-बाप ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं थोरल्या भावानं. सोपान त्याचं नाव. ती त्याला आण्णा म्हणायची म्हणून मीही आण्णाच म्हणायचो. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही वाचलं नाही. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. दर पंधरा दिवसांनी पिशवीत काहीतरी घेऊन बहिणीला भेटायला यायचा. त्या दिवशी त्यानं बोरं आणली होती. हौसा घरी नव्हती, म्हणून ती द्यायला तो थेट गुऱ्हाळावर आला.

गूळ तयार झाला की काहिलीच्या कड्यांत वासे अडकवून सहा जणांनी ती चुलवणावरून उचलायची आणि शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ खड्ड्यात, ओतायची. त्या दिवशी एक माणूस आला नव्हता. गूळ तर आला होता. आणखी दोन मिनिटं ठेवला असता तर करपला असता. मी म्हणालो, "आण्णा, जरा हात लावता का?"

आण्णा हसला. "दाजी, हे आपलं काम न्हाई. पर तुमी म्हनता तर धरतो."

काहील उचलली. चार पावलं गेलो असू. खाली रसावरची मळी सांडली होती, तिच्यावरून पाय घसरला. तो पाय माझा होता. गावात पुढं कुणी म्हणायचं, सोपानाला सवय नव्हती म्हणून असं झालं. तसं नव्हतं.

कढतं पाणी अंगावरून ओघळून जातं. कढता गूळ चिकटतो. माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि डावा हात भाजला. आण्णा वाफ्याच्या कडेला पडला आणि सगळा लोंढा त्याच्या पाठीवर, मांड्यांवर गेला. लोकांनी पाणी मारलं, कुणी तेल आणि राख लावली. जो तो मायेनंच करत होता. बैलगाडीतून आम्हाला सडकेला आणलं, तिथून कांद्याच्या ट्रकमधून संगमनेरला. तिथल्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, सुया टोचल्या, दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. नगरला न्या."

०००

नगरच्या हॉस्पिटलात आम्हाला शेजारीशेजारी खाटा मिळाल्या. आण्णाची पाठ भाजलेली, त्यामुळे त्याला पालथं झोपवायचे. तोंड माझ्याकडे. पहिले काही दिवस तो चांगला बोलायचा.

"दाजी, पालथं पडल्यावर जग लई येगळं दिसतंय," तो म्हणायचा. "मान्सं दिसतच न्हाईत, नुसते पाय. आता पायावरनं वळखतो मी. त्यो बघा, डाक्टर आला. आन् टाच घासत येती ती आपली हौशी."

सकाळी नऊला ड्रेसिंगची गाडी यायची. तिचं एक चाक किरकिरायचं. वॉर्डाच्या त्या टोकाला ते वाजलं की मी उजव्या हातानं खाटेची कड धरायचो. पट्ट्या जखमेला चिकटलेल्या असायच्या. मिठाच्या पाण्यानं भिजवून त्या सोडवायच्या, तरी शेवटचा पदर सुटताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी ओरडायचो. खोटं कशाला सांगू, आईबहिणीवरून शिव्या द्यायचो. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "द्या, द्या, पोट भरून द्या. मला ऐकू येत नाही." आण्णा उपरण्याचं टोक दातांत धरायचा. ड्रेसिंग संपलं की ते ओलं चिंब झालेलं असायचं.

चाँदभाई म्हणून वॉर्डात एक जुने नोकर होते. पायांना चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नव्हता, तर त्यांनी कुठून तरी बांबूची मोडकी पाटी आणली, अर्धी कापली आणि माझ्या पायांवर कमानीसारखी ठेवली. वर चादर. त्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा झोप लागली. ती पाटी आठवली की अजून मला त्यांच्याबद्दल देवमाणूस हाच शब्द सुचतो.

आणि हौसा. ती आम्हा दोघांच्या खाटांमध्ये जमिनीवर बसून असायची. मला पाणी पाजायची, वळून आण्णाला पेज भरवायची. माझ्या पायाखालचा ओला कपडा काढायची, त्याच हातानं आण्णाच्या मानेवरचा घाम टिपायची. सिस्टर ओरडायच्या, "बाई, मधे हात धुवा." ती धुवायची. विसरायची. परत धुवायची. एकच पंचा दोघांना पुरवायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "दोगंबी माझंच हायेत. त्यात काय यवढं?"

०००

नवव्या दिवशी तो हिरवा डाग दिसला. डॉक्टर तरुण होते, एरवी खाटेपाशी आले की चार शब्द बोलायचे. त्या दिवशी त्यांनी पट्टी उघडली, पाहिली आणि सिस्टरांकडून कापसाची काडी मागून घेतली. ती जखमेवरून फिरवली, काचेच्या नळीत घातली, नळी पुण्याला तपासायला पाठवली.

मी विचारलं, "डाक्टरसाहेब, पेनिसिलिन चालूच हाय ना?"

"चालू आहे. पण या जंतूला त्याचं काही वाटेनासं झालंय." मग खाटेवर टेकून त्यांनी विचारलं, "गावाकडे सुया घेत होतात का? ताप आला, खोकला आला की?"

घेत होतो की. आमच्याकडे बाजारच्या दिवशी सायकलवरून एक कंपाउंडर यायचा. सर्दी झाली, सुई. अंग मोडून आलं, सुई. सुई टोचली नाही तर औषध घेतल्यासारखं वाटायचंच नाही. आणि बरं वाटलं की पुढची घ्यायला कोण जातो?

"मंजी माझ्यामुळंच झालं का हे?"

"तुमच्या एकट्यामुळं नाही. आपण सगळ्यांनीच जंतूंना औषधाची सवय लावली. हॉस्पिटलातले जंतू तर त्यात जास्तच मुरलेत. हा बहुधा इथलाच असावा."

ते इतकं सरळ बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली. आजवर दुखण्याला सुई हे उत्तर होतं. उत्तरच चालत नाही म्हटल्यावर पुढं काय, हे माझ्या डोक्यात शिरेना.

अकराव्या दिवशी आण्णाच्या पाठीवर तोच डाग आला.

०००

त्याच दिवशी डॉक्टरांनी आण्णाला वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत हलवलं. आम्हाला सांगितलं, "आता एका माणसानं एकाच रोग्याचं करायचं. इकडून तिकडं कुणी जायचं नाही. त्यांची जखम मोठी आहे, यांची लहान. दोघांकडे एकीनं ये-जा केली, तर एक सुधारत असला तरी दुसरा त्याला परत खाली ओढेल."

गावाहून माझी आई आली होती. आम्हा दोघांना दोघी झाल्या. हौसा उठली, आण्णाचं उपरणं आणि तांब्या उचलला. आई म्हणाली, "कुठं निघालीस?"

"आण्णाकडं. तुमी यांच्यापशी बसा."

"आगं, नवरा खाटंवर पडलाय आन् तू भावाच्या उशाला बसशीन? लोक काय म्हनतील? सोपानाकडं मी जाते. तू हितं ऱ्हा."

हौसानं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगतो, तिचं ते पाहणं मला अजून दिसतं. तिला माझ्याकडून एक शब्द हवा होता. "जा" एवढाच. आण्णाला बायको नव्हती, लेकरू नव्हतं. होती ती एक बहीण, आणि तिलाही त्यानं हातांवर वाढवलेलं. हे मला कळत होतं. पण आईच्या हाताला कंप होता. पट्टी सोडताना हौसा माझं डोकं मांडीवर घट्ट धरायची, ते आईला जमलं नसतं. मला मरणाची भीती वाटत होती आणि मला माझी बायको जवळ हवी होती. मी डोळे मिटून घेतले. झोप आल्यासारखं केलं.

हौसा तांब्या आईच्या हातात देऊन खाली बसली.

तीन दिवस ती माझ्यापाशी होती. करण्यात काही कमी नव्हतं. पण नजर माझ्यावर नव्हती. टोकाच्या खोलीचं दार आमच्या खाटेवरून दिसायचं. ते उघडलं की ती मान वर करायची, लागलं की खाली. आई दोनदा दारापाशी येऊन सांगून गेली, "बरा हाय सोपान. पेज घेतली." मी ते खरं मानलं. मानायला बरं होतं.

तेराव्या दिवशी पुण्याहून कागद आला. त्यावर औषधांची नावं ओळीनं होती आणि जवळजवळ सगळ्यांपुढं फुल्या. एका नावापुढं फुली नव्हती. ते औषध नवं होतं, नगरात मिळत नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः धावपळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते पुण्याहून आलं. आम्हा दोघांना एकाच वेळी सुरू केलं.

त्याच दुपारी चाँदभाई माझ्या खाटेशी आले. दुरूनच, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"रंगनाथभाऊ, एक बोलू का? तुमचे मेव्हणे रोज विचारतेत, हौशी आली का. मी रोज सांगतो, आत्ता येईल. आज त्यांचं अंग गार लागतंय. आता मला खोटं बोलवत नाही."

हौसा ऐकत होती. हातातला पंचा तिनं खाली ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही या वेळी.

मी म्हणालो, "जा."

सिस्टरांनी शिकवलं होतं तसे तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि ती गेली. जवळजवळ धावतच गेली.

०००

पुढचं मला हौसानंच सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी. आण्णाला ताप नव्हता. उलट अंग गार होतं आणि श्वास भराभर चालला होता. जहर रक्तात उतरलं होतं. तिनं हाक मारली, "आण्णा, मी आले." त्यानं डोळे उघडले, पण ओळखलं नाही. तिला तो आपली आई समजला.

"आये," तो म्हणाला, "हौशी सकाळधरनं उपाशी हाय. तिला आदी वाढ."

"वाढते," हौसा म्हणाली.

त्याला बरं वाटलं असावं. मग तो फारसा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला गेला. नव्या औषधाच्या जेमतेम तीन-चार सुया त्याला मिळाल्या होत्या.

गावाहून माणसं आली. नगरातच अग्नी दिला. मी खाटेवरच होतो. जाताना त्यांनी आण्णाला वॉर्डातून नेलं तेव्हा चाँदभाईंनी मला खांद्याला धरून उठवून बसवलं, म्हणून नमस्कार तरी करता आला.

संध्याकाळी हौसा आली. केस ओले होते. माझ्या पायांवरची चादर बाजूला करून तिनं पट्टी पाहिली, वास घेतला, चादर नीट केली आणि भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा तिनं विचारलं, "डाक्टर, माझ्या हातानं गेलं का हो ते, यांच्याकडनं आण्णाकडं?"

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "बाई, माझ्याही हातानं गेलं असेल. ट्रेमधल्या चिमट्यानं, बादलीनं, चादरीनं गेलं असेल. कुणाच्या हातानं गेलं हे सांगणारी तपासणी माझ्यापाशी नाही. तुम्ही एकट्यानं ते अंगावर घेऊ नका."

तिनं मान हलवली. पण त्या दिवसापासून ती हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या.

०००

माझा हिरवा डाग आठवडाभरात फिका झाला. नवी सुई चालू होती आणि मोठ्या सिस्टर सिरक्याच्या आंबट पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. त्या झोंबायच्या, पण जखम हळूहळू लाल, स्वच्छ दिसू लागली. मग मांडीची कातडी काढून पायांवर लावली. दोनदा लावावी लागली. घरी आलो तेव्हा होळी होऊन गेली होती.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी पायांचे व्यायाम सांगितले होते. दुखतं म्हणून मी ते अर्धवट केले, त्यामुळे उजवा पाय घोट्यात आखडला तो आखडलाच. त्या औषधानं जीव वाचवला, पण डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजते. चुलवणाची धग कातडीला सोसेना, म्हणून गुळव्याचं काम सुटलं. पुढं गावच्या दूध डेअरीवर दूध मोजायला बसलो आणि तिथंच उमर गेली.

ज्यांच्या घरी कुणी भाजलं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. राख, तेल काही लावू नका. गार पाणी घाला आणि दवाखाना गाठा. रोग्याला हात लावण्याआधी धुवा, लावल्यावर धुवा, दुसऱ्याकडे जाण्याआधी पुन्हा धुवा. सिस्टर टोकतात तेव्हा रागावू नका. सुईसाठी डॉक्टरच्या मागे लागू नका, आणि दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. जखमेला वेगळा वास आला, रंग बदलला, तर सांगायला लाजू नका, लगेच सांगा. रोगी ओरडत असेल तर ओरडू द्या.

आणि घरातली दोन माणसं एकदम पडली, तर कुणी कुणापाशी बसायचं हे सांभाळणाऱ्या बाईवर सोडा. लोक काय म्हणतील यावर सोडू नका. खाटेवरच्या माणसाला बोलता येत असेल, तर त्यानं तोंड उघडावं. मला बोलता येत होतं.

०००

आण्णाचा विषय आमच्या घरात निघायचा नाही असं नाही. त्याचा हात कसा सढळ होता, तो चिडायचा कसा नाही, हे हौसा मुलांना सांगायची. पण ते तीन दिवस आम्ही दोघांनीही कधी काढले नाहीत. आई गेली, मुलं आपापल्या मार्गाला लागली. मग एका सकाळी ओट्यावर ती तूर निवडत बसली होती, मी शेजारी होतो, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"हौसा," मी म्हणालो, "मी तवा झोपलो नव्हतो. जागा हुतो."

"ठावं हाय," ती म्हणाली. सुपातला खडा तिनं बाजूला काढला.

"राग हाय का माझा?"

ती पटकन नाही म्हणेल, अशी माझी आशा होती. तिनं सूप मांडीवर ठेवलं आणि खरोखर विचार केला.

"हाय," ती म्हणाली. मग सूप पुन्हा उचलत म्हणाली, "पर रोज न्हाई."

आणि पुन्हा तूर निवडायला लागली. मीही पुढं सरकून सुपातली एक मूठ माझ्यापुढं ओढून घेतली.